चोविसाव्या पावलानंतरचा थांबा

बँडमधले सातही पुरुष एकाच दिवशी, एकाच बसने परदेशी कामाला निघून गेले. त्यानंतर चौथ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका बँडमास्तरच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रविवारी क्रीडादिन होता. बँड दोन महिन्यांपूर्वीच ठरला होता आणि जाण्याच्या गडबडीत ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

"म्हणजे आता बँड नाही?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नाही कसा? येईल की." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अहो, पण माणसं तर गेली ना?"

"माणसं गेली. बँड कुठे गेलाय? तो बघा, पलंगाखाली आहे."

पलंगाखाली तो खरंच होता. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, झांजा, दोन लहान ड्रम, एक जादा खुळखुळा आणि जुन्या चादरीत गुंडाळलेले सात लाल कोट. मोठा ढोल तेवढा मावत नव्हता म्हणून कपाटावर होता. माणसं गोळा करणाऱ्या एजंटने हा सगळा पसारा पाहूनच सातजणांची एकगठ्ठा निवड केली होती. मोठमोठ्या इमारतींच्या छताखालून थंड हवा फिरवायला पत्र्याचे चौकोनी बोगदे बसवतात, ते काम होतं. "तुम्ही जन्मभर पितळेतून हवा खेळवलीत," एजंट म्हणाला होता, "आता पत्र्यातून खेळवा. फरक काय?"

मुख्याध्यापिका गेल्या तशा सासूबाईंनी गल्लीतल्या बायका बोलावल्या आणि पंगतीत वाढावं तशी वाद्यं वाढली. जिचा नवरा जे वाजवायचा ते तिच्या पुढ्यात. थोरल्या सुनेला क्लॅरिनेट. शेजारच्या शिंपिणीला झांजा. आणखी तिघींना ट्रॉम्बोन आणि दोन ड्रम. ढोल वाजवणारा भाचा बिनलग्नाचा होता, त्यामुळे ढोल सासूबाईंनी स्वतःच्या गळ्यात घातला. उरलं ट्रंपेट. ते बँडमास्तरचं, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या मुलाचं, म्हणून आपोआप धाकट्या सुनेकडे आलं.

धाकटीने पाच वर्षं ते ट्रंपेट घासूनपुसून लख्ख ठेवलं होतं, पण ओठाला कधी लावलं नव्हतं. तिने ते लावलं, गाल फुगवले आणि फुंकलं. आतून जो आवाज आला तो ऐकून मागच्या दारी बसलेलं मांजर भिंतीवरून पलीकडे गेलं आणि दोन दिवस आलं नाही.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "आता तू मास्तर. पुढे चालायचं."

त्या रविवारी मैदानावर जे वाजलं त्याला संगीत म्हणणं धाडसाचं होईल. पण ढोल ठोक्यात होता, मुलं पावलं टाकत होती आणि धाकटी सोनेरी झालरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा नवऱ्याचा कोट घालून सगळ्यांच्या पुढे चालत होती. जन्मात ती कधी कुणाच्या पुढे चालली नव्हती. माहेरी दोन भावांच्या मागे, सासरी थोरलीच्या मागे, रस्त्यात नवऱ्याच्या मागे. पुढे चालणाऱ्याला वारा आधी लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं. घरी आली ती हसतच. तिचं तिलाच हसू आवरेना.

मग शिकवणी सुरू झाली. दर शुक्रवारी दुपारी मास्तरला सुट्टी असायची. त्याच्या खोलीत आठजण पाळीपाळीने झोपायचे, त्यामुळे तो इमारतीच्या जिन्यात येऊन फोन लावायचा. ट्रंपेट त्याने नेलं नव्हतं, नेली होती फक्त तोंडाला लावायची जुनी वाटी. ती त्याने दोन हात रबरी नळीला खोचली, दुसऱ्या टोकाला तेल ओतायचं नरसाळं बसवलं आणि त्यातून तो सूर काढायचा. नरसाळ्याचा आवाज किंचित शेंबडा होता, पण स्वर पक्का. इकडे स्वयंपाकघरात फोन स्टीलच्या पातेल्यात उभा केला की आवाज घुमायचा, आणि सातजणी पातेल्याभोवती पावलं टाकत शिकायच्या.

मास्तरच्या शिकवण्यात एक गोष्ट त्यांना पहिल्याच शुक्रवारी जाणवली. चोवीस पावलं सूर चढत जायचा आणि मग एकदम सगळं गप्प. चार पावलं शुकशुकाट. पाचव्या पावलाला पुन्हा दणक्यात सुरू. पुढचं गाणं घेतलं, त्यातही तेच. तिसरं घेतलं, तिथेही चोवीस पावलं झाली की चार पावलांचा थांबा.

"याच्या बापाची हीच खोड होती," सासूबाईंनी निकाल दिला. "रंगात आला की मध्येच थांबायचा आणि लोकांची तोंडं बघत बसायचा."

यात शंका घेण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. मास्तर शिस्तीचा माणूस, त्याने जसं वाजवलं तसंच वाजवायचं. पण चार पावलं गप्प राहणं हे वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. कुणाची तरी झांज किणकिणायची, कुणाला शिंक यायची. थोरलीला तर थांबा आला की हसू फुटायचं आणि क्लॅरिनेटमधून बदकासारखा आवाज निघायचा. दोन महिने घासल्यावर थांबा असा बसला की त्या चार पावलांत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

मग त्या मास्तरला वाजवून दाखवायच्या. गंमत अशी की थांबा आला की पातेल्यातून हमखास आवाज यायचा, "हॅलो? हॅलो! येतोय का आवाज?" आणि गाणं पुन्हा सुरू झालं की, "हां, आली, आली लाईन."

"मध्येच ओरडायची सवय लहानपणापासूनची," सासूबाई म्हणायच्या.

पुढच्या वर्षीच्या क्रीडादिनाला थांबा पहिल्यांदा चारचौघांत वाजला. चालणारी तीनशे मुलं एक पाय हवेत ठेवून जागच्या जागी थिजली. चार पावलांनी ढोल पडला आणि तीनशे पाय एकदम जमिनीवर आले. मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी तो खेळ घरी नेला, घरातून तो लग्नात गेला, आणि वर्षभरात गावात अशी मिरवणूक उरली नाही जिच्यात लोक थांब्याची वाट बघत नाचत नव्हते. थांबा आला की ज्याने त्याने आहे तसं थिजायचं. जो हलला त्याची फजिती. पलीकडच्या गावचा बँड यांच्या दुप्पट मोठा होता. त्यांनीही थांबा करून पाहिला, पण त्यांच्यात नेमकं कुणीतरी खोकायचंच.

अशी अडीच वर्षं गेली आणि मास्तरला तीस दिवसांची रजा मिळाली.

रजेची बातमी आली तेव्हा धाकटीने आनंदाने थोरलीला मिठी मारली, सासूबाईंना मारली, दूध घालायला आलेल्या बाईलाही मारली. मग दुपारी शिंपीण झालरीचा कोट घेऊन आली.

"याचं काय करायचं सांग," शिंपीण म्हणाली. हा कोट तिनेच दोनदा उसवून धाकटीच्या मापाचा केला होता. खांदे आत घेतले होते, लांबी चढवली होती, पाठीला चिमट्या घातल्या होत्या. "मास्तर आला म्हणजे कोट त्याला लागेल. आणखी एकदाच उसवता येईल. तिसऱ्यांदा उसवला तर चाळण होईल त्याची. तेव्हा एकदा त्याच्या अंगाचा केला की तो त्याचा. पुन्हा तुझा होणार नाही."

धाकटीच्या मिठ्या तिथेच थांबल्या.

"दहा दिवसांनी बेकरीवाल्याच्या लेकीचं लग्न आहे," शिंपीण म्हणाली. "तोवर सांग."

"त्यात सांगायचं काय? कोट त्यांचाच आहे."

"तोंड हो म्हणतंय आणि हात कोट सोडत नाहीये," शिंपीण म्हणाली.

मास्तर उतरला त्या दुपारी बसस्थानकावर सातजणी लाल कोटांत रांगेने उभ्या होत्या. दोन बॅगा आणि काखेत नळी-नरसाळं घेऊन तो खाली उतरला, बायकोच्या ओठांना लागलेलं आपलं ट्रंपेट पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. बॅगा खाली टाकून तो हाताने ताल धरू लागला. सूर चढला. वीस पावलं, बावीस, चोवीस.

आणि शांत.

अख्खं स्थानक थिजलं. बसचा कंडक्टर एक पाय पायरीवर, एक पाय हवेत. फळवाली हातात सुरी धरून. चहा ओतणारा किटली तिरकी करून, चहाची धार तेवढी चालू. आणि या सगळ्या पुतळ्यांच्या मधोमध मास्तरचा हात आपसूक कानाला गेला. "हॅलो?" तो ओरडला. "हॅलो! येतोय का आवाज?"

ढोल पडला. गाणं सुरू झालं, पण ते ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं. कंडक्टर हसता हसता पायरीवरच बसला. मास्तर मात्र चक्रावून उभा होता. मध्ये फोन नसताना लाईन तुटलेली तो पहिल्यांदाच बघत होता.

"हे काय होतं?" घरी पोचल्या पोचल्या त्याने विचारलं.

"काय म्हणजे? थांबा," धाकटी म्हणाली.

"कसला थांबा?"

"अहो, तुमचाच."

"माझा? मी आजवर कधी गाण्यात थांबलो नाही! माझा बाप थांबायचा."

"दोघेही थांबता," सासूबाई म्हणाल्या. "वाजवून बघ."

मास्तरने नळी उचलली. बसून त्याला वाजवता येत नसे, पाय चालले तरच त्याचा श्वास चालायचा. तो अंगणात सरळ रेषेत चालत वाजवू लागला. चोविसावं पाऊल पडलं आणि त्याचं अंग त्याला न विचारता डावीकडे वळलं. वाजवतच तो चार पावलं चालला आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत शिरला. चादरीच्या आतून सूर चालूच होता. मग तो थांबला. काही वेळ चादर नुसती उभी राहिली.

"जिना," चादर म्हणाली.

"काय?"

मास्तर बाहेर आला. "मी जिन्यात वाजवायचो. खालच्या पायरीपासून सुरुवात. चोवीस पायऱ्या झाल्या की वळण. तिथे एक लोखंडी दार आहे, त्याच्यापाशी फोनला रेंज नसते. चार पावलं चाललं की पुढचा जिना लागतो, तिथे येते." त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी वाजवतच होतो गं. थांबलो कुठे?"

 मग थोरलीच्या नाकातून बारीक आवाज आला, आणि बघता बघता सातही जणींची हसून हसून मुरकुंडी वळली. शिंपीण तर झांजांसकट ओट्यावर आडवी झाली.

"म्हणजे अडीच वर्षं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आम्ही ते लोखंडी दार वाजवत होतो?"

"आणि लोक त्यावर नाचत होते!" थोरली म्हणाली.

मास्तर हसत होता, पण त्याला ते लागलंही होतं. "त्या चार पावलांतच तर खरी मजा आहे," तो म्हणाला. "ते मी स्वतः बसवलंय. ऐका." आणि त्याने नळीतून ती चार पावलं वाजवली. सूर वरून गिरकी घेत खाली आला आणि अलगद पुढच्या ओळीवर उतरला. ते भिकार असतं तर धाकटीला बरं वाटलं असतं. पण ते छान होतं. नरसाळ्यातूनसुद्धा छान होतं. तिची पंचाईत झाली.

"बेकरीवाल्याकडे आपण सगळं नीट वाजवू," मास्तर म्हणाला. "मी पुढे राहतो, तू मागे. अडीच वर्षं ओढलंस तू, दमलीस."

तो हे इतक्या मायेने म्हणाला की तिने मान डोलावली. वाद्यांत खुळखुळा तेवढा मोकळा होता. तो तिने घेतला. शिंपिणीला निरोप गेला : कोट त्यांच्या मापाचा कर.

"नक्की?" शिंपिणीने विचारलं.

"नक्की."

"पुन्हा विचारणार नाही हं."

"अगं बाई, कर म्हटलं ना!"

शिंपिणीने कोट नेला. लग्नाच्या सकाळी तो मास्तरच्या अंगात घातला तेव्हा चापूनचोपून बसला. "हात फार वर करू नका," ती एवढंच म्हणाली.

बेकरीवाल्याने लेकीच्या लग्नासाठी तीन मजली केक केला होता, आणि तो बेकरीपासून सभागृहापर्यंत मिरवत न्यायचा, असा त्याचा हट्ट होता. फळीवर केक, फळीला चार कामगार. त्यांच्यापुढे नवरानवरी, त्यांच्याही पुढे बँड, आणि सगळीकडून नाचणारे पाहुणे. नवरीच्या मैत्रिणी आठ दिवस थिजण्याची तालीम करत होत्या. एकीने तर थिजताना उडी मारायची ठरवली होती. हवेत कसं थिजणार, याचा विचार तिने केला नव्हता.

"थांबा आहे ना?" बेकरीवाल्याने निघताना विचारलं.

"आज त्याहून भारी आहे," मास्तर म्हणाला.

बेकरीवाल्याचा चेहरा पडला, पण तोवर ढोल पडला होता.

मास्तर पुढे, हातात ट्रंपेट. त्याच्या फुंकण्यात काय ताकद होती! धाकटी मागून खुळखुळा हलवत ऐकत होती आणि तिला अभिमानही वाटत होता आणि रडूही येत होतं. पुढे चाललेल्या सात पाठींपलीकडे तिला रस्ता दिसत नव्हता. वारा तर अजिबात लागत नव्हता. बावीस. तेवीस. चोवीस.

पाहुणे थिजले.

बँड थिजला नाही. मास्तरने ती सुंदर गिरकी घेतली आणि पंचविसावं पाऊल टाकलं. पाठोपाठ ट्रॉम्बोनवालीने टाकलं आणि पुढे थिजलेल्या, नवरदेवाच्या मावशीला ट्रॉम्बोनची दांडी जाऊन लागली. मावशी, "थांबा आहे, थांबा!" असं ओठ न हलवता म्हणाली. निम्म्या बायकांना वाटलं थांबा आहे, निम्म्यांना वाटलं नाही. उडी मारलेली मैत्रीण शिंपिणीच्या अंगावर आली आणि झांजा अशा वाजल्या की सगळं घोडं तिथेच अडलं. केकच्या पुढच्या दोन कामगारांना थिजायची सवय होती. मागचे दोघे नवीन होते, ते चालतच राहिले. फळी वाकली. केकचा वरचा मजला घरंगळला, नवरानवरीच्या डोक्यांमधून सफाईने गेला आणि सासूबाईंच्या ढोलावर येऊन बसला.

सासूबाईंना ढोलापलीकडचं काही दिसत नव्हतं. ठोका आला, त्यांनी हाणला.

पहिल्या पाच रांगांत एकही चेहरा कोरडा राहिला नाही. मास्तरने "थांबा, थांबा!" म्हणून दोन्ही हात वर केले आणि त्याच्या पाठीत बगलेपासून कमरेपर्यंत सगळे टाके एका दमात सुटले. टर्र्र. तेवढा आवाज स्वच्छ ऐकू आला, कारण आता खरोखरच सगळे थिजले होते.

मास्तर फाटक्या पाठीने मागे वळला. धाकटी खुळखुळा घेऊन शेपटाला उभी होती, नाकावर क्रीम.

"काय चुकलं?" त्याने विचारलं.

सगळा रस्ता ऐकत होता. म्हणावं की न म्हणावं, असा विचार तिने एकाच पावलापुरता केला.

"मला पुढे चालायचंय," ती म्हणाली.

"काय?"

"पुढे चालायचंय मला. मागून काहीच दिसत नाही."

"मग तसं सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत कुठे? दमलीस म्हणालात."

"दमली नव्हतीस?"

"इतकी नाही हो!"

"हे नंतर बोललात तरी चालेल," बेकरीवाला काकुळतीला आला. "ऊन चढतंय. दुसरा मजला पाझरायला लागलाय."

मास्तरने खाली पाहिलं. मग त्याने ट्रंपेटवरचं क्रीम बाहीने पुसलं, मागे चालत आला आणि ते तिच्या हातात दिलं. कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. तो सैल पडला नाही. पाठीच्या उसवलेल्या कडा एकमेकींवर आल्या आणि शिंपिणीने तोंडात धरून आणलेल्या चार टाचण्यांनी त्या जागच्या जागी बसवल्या.

"कच्चे टाके घातले होतेस तू!" धाकटी कुजबुजली.

"मग? पक्के घालायला मला काय वेड लागलंय?" टाचण्या संपल्यावर शिंपीण म्हणाली.

"आणि मी?" मास्तरने विचारलं.

"तू मागे जा," सासूबाई चष्म्यावरचं क्रीम चाटून बघत म्हणाल्या. "वरातीमागून घोडं म्हणतात ते आज बघू दे लोकांना."

धाकटी पुढे आली. रस्ता तिच्यासमोर मोकळा होता, सभागृहाच्या दारापर्यंत सरळ. वारा नाकावरच्या क्रीमला लागला. तिने फुंकलं.

या वेळी चोविसाव्या पावलाला सगळं थिजलं. बँड, पाहुणे, केक, सावरलेली मैत्रीण. चार पावलं. ढोल. लोकांनी अशी आरोळी ठोकली की बेकरीवाल्याला रडू आलं. दुसऱ्या फेरीलाही तसंच. सर्वांत मागे मास्तर नळी बगलेत धरून चालत होता. दोन्ही थांबे त्याने दात आवळून सोसले. ती चार पावलं तो स्वतः वाजवत आला होता, दर शुक्रवारी, अडीच वर्षं, लोखंडी दारापाशी. तिथे काय आहे ते त्याला माहीत होतं आणि नाचणाऱ्या लोकांना माहीत नव्हतं.

तिसऱ्या फेरीला त्याच्याने राहवलं नाही.

सगळे थिजलेले, एक पाय हवेत, आणि मागून नरसाळ्यातून तो शेंबडा, गोड सूर गिरकी घेत आला. कुणी हलायचं नाही असा नियम, त्यामुळे वळून बघता येईना. नुसते डोळे कोपऱ्यात गेले. तीनशे माणसांची पोटं आतल्या आत हलत होती. धाकटी पुढे तोंड करून उभी होती, श्वास भरलेला, गाल फुगलेले. हसावं तर सूर जाणार. चौथ्या पावलाला नळीने गाणं आणून बरोबर तिच्या ओठांपाशी ठेवलं, आणि तिने ते उचललं.

"पुन्हा!" नवरी ओरडली. "नळी पुन्हा!"

सभागृह आलं तरी लोक आत जाईनात. दोनमजली केक तीन वेळा दारावरून परत फिरवून आणावा लागला.

रजेचे उरलेले दिवस कुठे गेले ते कुणाला कळलं नाही. मास्तर सगळ्या मिरवणुकांत शेपटाला चालला. नियम धाकटीने ठरवला : दोनदा थांबा, तिसऱ्यांदा नळी. तो एकदा दुसऱ्याच थांब्याला वाजवायला गेला तर तिने पुढून, मागे न बघता, नुसतं बोट वर केलं. तो गप्प बसला. कोटाला शिंपिणीने पक्के टाके घातले, कोणाच्या मापाने ते न विचारता.

तिसाव्या दिवशी बस सुटली तेव्हा बँड वाजत होता. थांबा आला. मास्तर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि बस वळेपर्यंत त्याने नळी वाजवली. शेजारच्या प्रवाशाने त्याचा पट्टा धरून ठेवला होता.

पुढच्या शुक्रवारी दुपारी फोन आला. सातजणी पातेल्याभोवती उभ्या राहिल्या.

"एक युक्ती सापडली," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका लख्ख होता. "इतकी वर्षं कशी सुचली नाही कोण जाणे. मी गच्चीवर आलोय. इथे लाईन एकदम साफ. नवीन गाणं देतो, सबंध. ऐका."

त्याने वाजवलं. वीस, बावीस, चोवीस. सातही जणींनी सवयीने पाय उचलले. पंचवीस, सव्वीस, गाणं चालूच. सत्तावीस. पाय कुठे ठेवावा कुणाला कळेना. थोरलीने ओट्याचा आधार घेतला. सासूबाईंचा हात ढोलावर अर्ध्यात लोंबकळत राहिला. गाणं संपलं.

"कसं वाटलं?" मास्तरने विचारलं. कुणीच बोलेना. "हॅलो? हॅलो! लाईन गेली का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "लाईन चांगली आहे."

"मग?"

"जिन्यात जा ना."

"अगं, पण तिथे ते लोखंडी दार..."

"माहितेय. जा जिन्यात."

"पाच मजले उतरायचे?"

"अरे, बायको सांगतेय ना, उतर!" सासूबाई पातेल्यात तोंड घालून म्हणाल्या.

फोनमधून चपलांचा फटफट आवाज येऊ लागला. पाच मजले. अधूनमधून दम लागल्याचा आवाज, एकदा कुणाला तरी "सरका हो" म्हटल्याचा. मग तळाच्या पायरीवर तो थांबला, श्वास घेतला आणि सुरू झाला. चोवीस पायऱ्या सूर चढत गेला आणि पातेलं गप्प झालं.

तिकडे लोखंडी दारापाशी तो वाजवत होता. इकडे सातजणी एक पाय हवेत धरून चार पावलं मोजत होत्या आणि धाकटीच्या पोटात हसू मावत नव्हतं.

पातेलं पुन्हा वाजू लागलं.

"हां, आली लाईन," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ढोलावर ठोका हाणला.